चित्राचा पत्ता

आम्ही सेमिनरीत शिकत होतो, तेव्हा ग्रंथालयाची व्यवस्था एका वृद्ध फादरांकडे होती. दाराशीच लाकडी खणांचे एक कपाट होते आणि त्या खणांत हजारो कार्डे ओळीने लावलेली असत. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि फळीचा क्रमांक, एवढाच मजकूर कार्डावर असे. वाचून झालेले पुस्तक कोणी हाताला येईल त्या फळीवर ठेवून दिले, की हे शांत स्वभावाचे फादर खरोखर रागावत. पुस्तक चोरीस गेले तर निदान ते गेले एवढे तरी कळते; पण भलत्या फळीवर ठेवलेले पुस्तक कार्डावर असते आणि हाताशी नसते, असे त्यांचे म्हणणे. त्या वयात आम्हांला त्या रागाचे हसू येई. सुमारे तीस वर्षांनी एका संध्याकाळी संगणकासमोर बसलो असताना तो राग मला समजला.

छायाचित्रांचा नाद मला पूर्वीपासूनच. छत्तीस चित्रांचा रोळ असायचा, त्या काळी प्रत्येक चित्र जपून घ्यावे लागे. धुऊन आलेल्या प्रती आल्बममध्ये आणि निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात ठेवल्या, की व्यवस्था संपली. डिजिटल कॅमेरा आला आणि एका सणाच्या दिवशी चारशे चित्रे निघू लागली. मी या धर्मग्रामात २०१९ साली आलो, तेव्हा आधीच्या फादरांच्या काळातील चित्रांच्या सीड्या, युवकांनी स्कॅन केलेले जुने आल्बम आणि माझ्या कॅमेऱ्यातील चित्रे असा मोठाच पसारा माझ्यापुढे होता. तो आवरण्यासाठी मी लाइटरूम हे सॉफ्टवेअर घेतले. अडोबी कंपनीने ते २००७ साली बाजारात आणले. २०१७ साली त्याचे दोन प्रकार झाले. संगणकावरील फोल्डरांच्या आधारे चालणाऱ्या मूळ प्रकाराला तेव्हापासून लाइटरूम क्लासिक म्हणतात. माझ्याकडे तोच आहे.

हे सॉफ्टवेअर मला फार आवडले. अंधारलेले चित्र उजळावे, तिरपे चित्र सरळ करावे, कडेचा नको असलेला भाग वगळावा आणि मनात आले तर सारे पूर्ववत करावे. मूळ चित्राला धक्का म्हणून लागत नाही. हे कसे होते, याचा मात्र मी कधी विचार केला नाही. सारी चित्रे त्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहेत, अशी माझी पक्की समजूत होती. पडद्यावर ती दिसत होती. आणखी कसला पुरावा हवा होता?

२०२२ साली संगणकातील जागा संपत आली. मी आवराआवर काढली. काही फोल्डर उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेले आणि नेताना त्यांना नवी मराठी नावेही दिली. काही फोल्डर मला निव्वळ दुबार वाटले. 'ही चित्रे सॉफ्टवेअरमध्ये आहेतच' असे म्हणून ते मी पुसून टाकले आणि कचरापेटीही रिकामी केली. त्या रात्री घर झाडून घेतल्याचे समाधान मला वाटले.

पुढच्या वर्षी आमच्या गावातील एक मावशी माझ्याकडे आल्या. त्यांचा एकुलता मुलगा २०२१ च्या साथीत गेला. त्याचे फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये होते आणि तो मोबाइल पुढे चालू झालाच नाही. २०१९ च्या नाताळात चर्चच्या आवारात गव्हाणीचा देखावा उभारताना मी मुलांचे फोटो काढले होते, हे त्यांच्या लक्षात होते. "फादर, त्याचा एखादा हसरा असेल तर द्या. मोठा करून भिंतीवर लावीन म्हणते," त्या म्हणाल्या.

ते चित्र मला स्पष्ट आठवत होते. शिडीवर उभा राहून तो चांदणी टांगत होता आणि खालून कोणीतरी काही बोलले म्हणून मान वळवून हसला होता. मी ते उजळून, सरळ करून ठेवले होते. मावशींना शेजारी बसवून मी संगणक सुरू केला. चित्र पडद्यावर आले. मावशी पुढे झुकल्या. त्यांनी पडद्याला बोट लावले नाही, नुसते जवळ नेले. मी प्रत काढण्याची आज्ञा दिली आणि मूळ चित्र सापडत नसल्याची सूचना आली. तेव्हा कुठे चित्राच्या कोपऱ्यातील बारीकसे उद्गारचिन्ह माझ्या नजरेस पडले. डाव्या बाजूच्या फोल्डरांच्या यादीत तर ठिकठिकाणी प्रश्नचिन्हे होती.

वाचकहो, त्या क्षणी माझ्या ओठांवर एक वाक्य तयार होते: 'संगणक बिघडलेला दिसतो.' मावशींचा त्यावर विश्वास बसला असता. फादर सांगतात म्हटल्यावर कोण शंका घेणार? आयुष्यभर इतरांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला ते वाक्य गिळायला किती वेळ लागला, ते मी येथे लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "मावशी, माझ्या हातून चूक झाली आहे. पाहतो काय करता येते ते." त्या काही बोलल्या नाहीत. पडद्याकडे पाहतच उठल्या.

संगणकाचे शिक्षण घेणारा गावातील एक तरुण पुढे तीन संध्याकाळी माझ्याजवळ बसला. त्याने पहिल्याच दिवशी मला जे सांगितले, ते आमच्या ग्रंथपाल फादरांचेच सांगणे होते. सॉफ्टवेअरमध्ये चित्रे नसतात. त्याच्याजवळ कॅटलॉग नावाची एक फाइल असते. कोणते चित्र कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि त्याच्यावर कोणते संस्कार करावयाचे आहेत, एवढेच तीत लिहिलेले असते. पडद्यावर दिसते ती पाहण्यापुरती तयार केलेली लहान प्रतिमा. तेव्हा लाकडी खणातील कार्ड पाहून मी पुस्तक घरी आहे असे समजत होतो, आणि फळी मीच रिकामी केली होती.

मूळ चित्र न बदलता सुधारणा कशी होते, हेही मला तेव्हाच उमगले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मूळ नोंद आपण कधी खोडत नाही. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण झाले, विवाह झाला, की त्याची टीप त्याच नोंदीच्या समासात लिहितो. हे सॉफ्टवेअरही तसेच समासात लिहिते: इतके उजळावे, इतके वळवावे. परंतु मूळ पानच फाडून टाकले, तर समासातील टीप कोणाच्या उपयोगाची?

मी हलवलेले फोल्डर परत मिळाले. प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर उंदराचे उजवे बटण दाबून नवा पत्ता दाखवायचा, की कॅटलॉग त्यातील सगळी चित्रे ओळखतो आणि जुन्या सुधारणाही जशाच्या तशा परत येतात. नावे बदलल्यामुळे एकेक फोल्डर हाताने शोधून द्यावा लागला, एवढीच माझ्या हौसेची शिक्षा. पुसलेले फोल्डर मात्र गेले ते गेलेच. २०१९ चा नाताळ त्यांतच होता. कॅमेऱ्यातील कार्डावर त्यानंतर कितीतरी सण चित्रित झाले होते.

त्या तरुणाने खटपट करून ती पाहण्यापुरती लहान प्रतिमा तेवढी बाहेर काढली. पोस्टकार्डाच्या आकारात ती बरी दिसली. त्याहून मोठी करू गेल्यावर डोळे आणि हसू यांचे नुसते चौकोन होऊ लागले. मी ती प्रत पाकिटात घालून मावशींच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग विचारले, "फादर, याहून मोठा नाही का होणार?" मी नाही म्हणालो. "बरं," त्या म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने त्यांनी त्या कोऱ्या फोटोवरची धूळ पुसली.

तेव्हापासून मी घालून घेतलेली शिस्त येथे लिहून ठेवतो. अनेकांच्या घरी आज अशीच चित्रे विखुरलेली आहेत, त्यांना ती उपयोगी पडेल.

सर्व मूळ चित्रे एकाच मुख्य फोल्डरमध्ये राहतात. त्यात वर्षाचा फोल्डर आणि वर्षात प्रसंगाचा. प्रसंगाच्या नावाआधी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहितो, उदाहरणार्थ '२०२३-१२-२५ नाताळ'. त्यामुळे नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच राहतो. कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकावर विसंबत नाही, कारण तो ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि एकाच नावाची दोन चित्रे तयार होतात. एकदा चित्रे कॅटलॉगमध्ये नोंदवली, की ती हलवणे, त्यांची नावे बदलणे, ती पुसणे हे सारे त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच करतो, म्हणजे कार्ड आणि फळी एकमेकांना विसरत नाहीत. डिजिकॅम हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअरही चित्रे फोल्डरांत आणि नोंद स्वतःजवळ ठेवते. तेथेही हेच पथ्य बरे.

छापण्यासाठी किंवा मोबाइलवर पाठवण्यासाठी काढलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या गेल्या तरी पुन्हा काढता येतात. मूळ जेपेग चित्र उघडून त्याच्यावरच पुन्हा पुन्हा जतन करीत नाही, कारण तसे करताना दर खेपेस त्याचा थोडा तपशील झिजतो. चित्रातील माणसांची नावे त्याच आठवड्यात लिहितो आणि ती केवळ कॅटलॉगमध्ये न ठेवता चित्राच्या फाइलमध्येही उतरवून घेतो. रॉ प्रकारच्या चित्रांसाठी हा मजकूर शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये जातो. म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले, तरी नाव चित्राबरोबर राहील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रती. लाइटरूम बंद होताना कॅटलॉगची राखीव प्रत काढू का, असे अधूनमधून विचारते. पण ती कॅटलॉगचीच प्रत असते, चित्रांची नव्हे. चित्रांची सोय आपली आपणच पाहावी लागते. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावाशी जोडला जाणारा एक नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. माझी एक डिस्क आता शेजारच्या धर्मग्रामातील फादरांकडे असते. दर तीन महिन्यांनी आम्ही डिस्कांची अदलाबदल करतो आणि त्या निमित्ताने चार चित्रे उघडून पाहतो.

धर्मगुरूची बदली कधीतरी होतेच. नोंदवह्या, किल्ल्या, हिशेब यांच्याबरोबर आता एक कागदही मी तयार ठेवला आहे. चित्रे कोठे आहेत, कॅटलॉग कोठे आहे आणि काय पुसू नये, हे त्यावर लिहिले आहे.

मावशींच्या घरी गेल्या महिन्यात जाणे झाले. भिंतीवर एक मोठी चौकट लावलेली आहे. तिच्या मध्यभागी तो पोस्टकार्डाएवढा फोटो आणि चारी बाजूंनी रुंद पांढरा कागद. चौकट त्यांनी आधीच करून ठेवली होती, हे मला तेव्हा कळले.