पोट साफ होण्याविषयी काही टिपणे

१.
मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. मळ पुढे लोटणाऱ्या मोठ्या लाटा त्यात दिवसातून मोजक्याच वेळा उठतात, बहुतेक सकाळी जाग आल्यावर आणि जेवणानंतर. मळ जितका रेंगाळतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं, आणि मग खडा होतो.

२.
खुब्याच्या ऑपरेशननंतर पडून असलेली आजी. दुखणं थांबवायच्या जोरकस गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि अंथरूण. तिन्हींनी पोट बांधलं जातं. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणते, "आजी, टाच गादीवरून सरकवत गुडघा वर घ्या. आता हळूच सोडा. श्वास कोंडू नका." टाच चादरीत अडकते. मुलगी चादर ताणून देते, पुन्हा म्हणते, "घ्या." वॉकर धरून आजी आज दारापर्यंत गेली. रेचक चालूच आहे, पण दुपारी तिने आपणहून सांगितलं, "मला जायचंय."

३.
शौचाला रोज झालीच पाहिजे असं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नेहमीचंच.

४.
चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायाचं नाव 'न वेगान्धारणीय'. रोखू नयेत अशा तेरा वेगांत, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाकांत, मलवेगही आहे.

५.
एसटी स्टँडबाहेर गजरे विकणारी बाई घरून निघताना पाणी पीत नाही. दिवसभर उभी, ऊन डोक्यावर. तिला चालायचा सल्ला काय द्यायचा? जवळपास स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. पोटाच्या आरोग्यावर बोलताना हे आधी बोललं पाहिजे.

६.
जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पोटासाठीही तेवढा पुरेसा. बोलता येईल इतक्या वेगात चालावं. फार दमछाक करून धावलं की रक्त आतड्याकडून स्नायूंकडे वळतं आणि पोटात मुरडा येतो.

७.
पवनमुक्तासन अंथरुणातही होतं. खुब्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय करू नये.

८.
कमोडपुढे पायाखाली छोटा पाट. गुडघे कमरेच्या वर आले की गुदमार्गाला वेढा घालणारा स्नायू सैल होतो, वाट सरळ होते. उकिडवं बसणाऱ्यांना हे आपसूक मिळतं. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना पाट.

९.
काही माणसं रोज फिरतात, पालेभाज्या खातात, तरी कुंथत बसतात. जोर करताना जे स्नायू सुटायला हवेत तेच त्यांचे आवळले जातात. ते सैल सोडायला शिकवता येतं. बायोफीडबॅक म्हणतात त्याला. अशा माणसाला "अजून चाला" म्हणणं हा अन्याय आहे.

१०.
इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबर.

११.
शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय: इथे व्यायाम थांबू शकतो, डॉक्टर नाही.

१२.
पहिल्या चहानंतरची लाट उठते तेव्हा मुंबईतला माणूस लोकलच्या दारात लटकलेला असतो. जमेल त्याने अर्धा तास आधी उठावं, पाणी प्यावं, घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात आणि मोबाइल बाहेर ठेवून निवांत जाऊन बसावं. घरच्यांनी दार वाजवू नये.