वेळापूरचा चहा

अकलूजहून एस. टी.ने आम्ही वेळापुरात उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन देवळाचे दगडकाम पाहायचे होते, ते निवांत पाहिले. पण वाचकांना सांगायचे आहे ते टपरीवरच्या चहाचे.

रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर चालले होते. बाकावर बसून आप्पा म्हणाले, "आमच्या लहानपणी हॉटेलात आपली कपबशी बाहेर खुंटीला असायची. पिऊन आपणच धुवून ठेवायची." इथे काचेचा ग्लास सगळ्यांना एकच होता, दहा रुपयांना.

त्यातली साखर याच माळशिरस तालुक्याची म्हणावी. माळीनगरचा कारखाना 1930 च्या दशकातला. उसाच्या दरासाठी इथे आंदोलने होतात, ती पेपरातही येतात. पत्तीचे मात्र कोणी बोलत नाही. देशातली निम्मी पत्ती आसामची. तिथे मळ्यातली बाई दिवसाला साधारण 24 किलो हिरवा पाला खुडते. त्याची पाच किलोवर पत्ती होते, म्हणजे अडीच हजार ग्लास तरी चहा. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात 2023 च्या ऑक्टोबरपासून रोजची मजुरी ठरली 250 रुपये. आम्ही तिथेच बोटे मोजली. एका ग्लासामागे खुडणारीला दहा पैसे! रेशन, खोली वेगळी मिळते हे खरे. पण बाकीचे रुपये मळेवाला, लिलाव, पुडीवाला, दुकानदार आणि टपरी यांच्यात वाटले जातात. टपरीवाला काही त्यात गबर होत नाही, दूध-गॅसचा खर्च त्याच्याच डोक्यावर.

आप्पांनी विचारले, "मग मजुरांनाच मालक केले तर?"

तेही झाले आहे. केरळात मुन्नारला 2005 साली टाटांनी मळ्यांचा कारभार सोडला, नवी कंपनी निघाली आणि बारा हजारांवर कामगार तिचे भागधारक झाले. तरी 2015 साली बोनस 20 टक्क्यांवरून 10 वर आणला. तेव्हा हजारो बाया रस्त्यावर बसल्या. त्यातल्या बऱ्याच तमिळ दलित घरांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या मळ्यातच राहिलेल्या. युनियनच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ फिरकू दिले नाही. नऊ दिवसांनी बोनस व सानुग्रह मिळून 20 टक्के पदरात पडले. पुढे ऑक्टोबरात केरळातल्या चहामळ्यांची रोजची मजुरी 232 वरून 301 झाली.

"म्हणजे भागीदार असूनही रस्त्यावर बसावे लागले?" आप्पांनी ग्लास खाली ठेवला. तेवढ्यात पंढरपूरची गाडी लागली.