नांवाचे दाम

ज्या घरांत मिळवते चार व खाणारे दहा, त्या घरांत स्वस्त घ्यावें कीं नांवाजलेलें घ्यावें हा वाद कधीं संपत नाहीं. तो कापडाविषयीं होतो, धान्याविषयीं होतो, आणि आतां मोटारीच्या सुट्या भागांविषयींही होऊं लागला आहे. आमच्या मीरा-भाईंदरमध्यें तर तो दर पावसाळ्यानंतर ठरलेलाच. घोडबंदर रस्त्यावरील खड्डे, गायमुखच्या घाटांतील मालमोटारींची रांग व तींत दचके खात चालणारी आपली लहान गाडी, हें चित्र इकडील वाचकांस वर्णून सांगावयास नको. शिवाय मिठागरांवरून येणारी खारट हवा लोखंडास गंज चढविते, तो वेगळाच.

यंदा आमच्या घरच्या गाडीची पुढची बाजू खडखडूं लागली. मेकॅनिकनें पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही लोअर आर्म व कांहीं रबरी बुश बदलावयास सांगितले, आणि तीन भाव पुढें ठेवले: मोटार-कंपनीच्या खोक्यांतील मालाचा, सुटे भाग बनविणाऱ्या नामांकित कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यांतील मालाचा, व बिननांवाच्या मालाचा. तिसरा भाव दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, लोखंड तें लोखंड, नुसत्या नांवाचे पैसे कां मोजावेत?" त्याच महिन्यांत मुलांची शाळेची फी भरावयाची होती, तेव्हां त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नव्हतें. पण आमच्या सूनबाई त्याच गाडीनें रोज घाट ओलांडून ठाण्यास जातात, हेंही विसरण्याजोगें नव्हतें.

न्यायशास्त्रानें ज्ञानाचीं जीं साधनें मानलीं आहेत, त्यांत प्रत्यक्ष व शब्द हीं दोन येतात. कापड चोळून पाहतां येतें, तांदूळ दांताखालीं धरून पाहतां येतो. तेथें प्रत्यक्ष पुरतें. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचें तसें नाहीं. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. तिची उसळी आवरणें हें याचें काम. बंद नळींत तेल, तेलांत दट्ट्या. बारीक छिद्रांतून तेल ढकलतांना उसळीची शक्ति उष्णतारूपानें निघून जाते. तेलाची प्रत, झडपेचें माप, सीलचें रबर, यांपैकीं कांहींच बाहेरून दिसत नाहीं. रंग मात्र दोहोंचा सारखाच चमकतो. येथें शब्दावांचून गति नाहीं, आणि शब्द प्रमाण होतो तो आप्ताचाच. म्हणजे जो जाणता असून खरें बोलतो त्याचा. नांव छापणें म्हणजे जबाबदारी पत्करणें. ज्या खोक्यावर कोणाचेंच नांव नाहीं, त्याविषयीं जाब कोणास विचारावा?

तथापि सर्वांत महाग तेंच घ्यावें, असा याचा अर्थ नव्हे. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ सालीं स्थापन झालेली कंपनी. तिचा पहिला कारखाना ठाण्यापलीकडील मुलुंडासच होता. असे कारखाने मोटार-कंपन्यांस माल पुरवितात व स्वतःच्या नांवानेंही बाजारांत विकतात. म्हणून पुष्कळदां मधला भावच शहाणपणाचा ठरतो. मात्र नांवाचीही नक्कल होते. यास्तव ओळखीचा विक्रेता व पक्की पावती हवी.

दुसरा विवेक भागाभागांतील. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निसटला तर धांवत्या गाडीचें चाक आडवें पडतें. तेथें काटकसर नको. स्टॅबिलायझरचे लहान बुश झिजले तर गाडी आधीं वाजते, सावध करते. तेथें थोडें स्वस्तांत घेतलें तरी चालेल. मेकॅनिकही म्हणाला, "सर, मजुरी दोन्हींची सारखीच. माल लौकर गेला तर मजुरीही पुन्हां आणि अलाइनमेंटही पुन्हां." हा हिशेब बंधूंस पटला. शॉक अ‍ॅब्सॉर्बर व लोअर आर्म मधल्या भावाचे आणले, लहान बुश स्वस्तांतले. आणि गाडीच्या बैठकीचीं नवीं आवरणें बंधूंनींच दिवाळीपुढें ढकललीं.

ज्यांस एकदम सर्व झेपत नाहीं, त्यांनीं आधीं जिवाशीं गांठ असलेले भाग घ्यावेत. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जोडीनेंच बदलावेत. एक नवा व एक जुना असल्यास खड्ड्यांत दोन्ही बाजू सारख्या सांवरत नाहींत. काटकसर हा गृहस्थाचा धर्मच आहे. पण ती कोठें करावी हें ठरवितांना गाडींत कोण बसणार, याचा विचार पहिला असावा.