परत आलेली बिब्बी

बिब्बी परत आली ती सफरचंदांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. खोक्याला चहूबाजूंनी चिकटपट्टी, हवेसाठी पेनाने भोसकून पाडलेली चार भोकं, आणि ते ठेवून दिलेलं सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये. वर येऊन बेल वाजवायचीही तसदी कोणी घेतली नव्हती. व्हॉट्सॲपवर तेवढा एक निरोप होता : मांजर नॉर्मल नाही, दुसरं चांगलं असेल तर कळवा. थोरल्या बहिणीने तो मला वाचून दाखवला त्याला बरेच महिने झाले, पण आठवण झाली की माझं डोकं अजून तापतं.

ताई पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. शहराबाहेरच्या एका शेल्टरमधली मांजरं ती घरी आणते, सांभाळते आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकते. बिब्बी ही त्यांतली एक. राखाडी पट्ट्यांची गावठी मांजर, नाकाशेजारी बिब्ब्याएवढा काळा डाग, वय आठ-नऊ महिने. एका बांधकामावर जन्मलेली. नसबंदीसाठी पकडून आणली आणि तोवर तिथल्या पत्र्याच्या शेड पाडल्या गेल्या, त्यामुळे मूळ जागी परत सोडता आली नाही.

शेल्टरमध्ये ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, वाळूच्या ट्रेमध्येच बसून असायची. हात घातला तरी फिसकारायची नाही, ओरबाडायची नाही. म्हणून तिच्या फोटोखाली लिहिलं गेलं, ‘शांत, गरीब स्वभाव’. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. घाबरलेलं जनावर पळतं किंवा उलटून अंगावर येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पळायला जागा नसली की ते जागच्या जागी थिजतं. केसलर आणि टर्नर या संशोधकांनी १९९७ साली मांजरांचा ताण ओळखण्यासाठी सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवरचं, म्हणजे पुरतं भेदरलेलं मांजर थयथयाट करत नाही. ते चारही पाय पोटाखाली घेऊन, कान पाडून, बुबुळं विस्फारून, थरथरत एका जागी बसलेलं असतं. बिब्बी नेमकी तशीच बसायची.

तिला नेणारं कुटुंब चांगलं होतं, हे आधी सांगायला हवं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी पाचवीत, घर स्वतःचं, गॅलरीला कबुतरजाळी लावलेली. ताईने त्यांना बजावलं होतं की पहिले काही आठवडे हिला एका खोलीत ठेवा, हात लावू नका, तिची ती बाहेर येईल. त्यांनी माना डोलावल्या. पुढे काय झालं ते नंतर त्या मुलीकडूनच कळलं, कारण खोकं येऊन गेल्यावर फोन केला तो तिनेच, आईच्या मोबाइलवरून, रडत.

पहिल्याच संध्याकाळी मजल्यावरची पोरं मांजर बघायला जमली. बिब्बी फ्रिजमागे शिरली, तर फ्रिज पुढे ओढला. ती पलंगाखाली गेली, तर झाडूने ढोसून बाहेर काढली. रात्री आजीने सांगितलं की रस्त्यावरचं जनावर आहे, अंगावर पिसवा असतील, अंघोळ घाला. म्हणून तिला बाथरूममध्ये नेऊन, बादलीत धरून, माणसांच्या शाम्पूने अंघोळ घातली! त्या धरपकडीत तिने मुलीच्या वडिलांचा अंगठा फोडला. चावा खोल होता. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, तेवढं त्यांनी केलं आणि रेबीजची इंजेक्शनंही घेतली, हे योग्यच झालं. पण तेव्हापासून बिब्बी घरात गुन्हेगार ठरली. तिला बाथरूममध्ये कोंडलं. पाण्याचा फवारा सुरू झाला की कमोडच्या मागे दबून बसायची, असं त्या पोरीने सांगितलं. तिने खाणंच सोडलं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकतं. घरात कोणाला हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की ‘शांत’ म्हणून आणलेलं मांजर चावतं, खात नाही, मांडीवर येत नाही, म्हणजे आपली फसवणूक झाली.

मला राग येतो तो बिब्बीने चावा घेतल्यावर तिलाच नाठाळ ठरवलं याचा. एका अनोळखी घरात, अनोळखी वासांत, एका रात्रीत तिच्या लपायच्या दोन्ही जागा हिसकावून घेतल्या गेल्या होत्या. दुसरं काय करणार होती ती?

लपायची जागा ही मांजराची गरज आहे. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये उट्रेक्ट विद्यापीठाच्या लोकांनी नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. २०१४ साली निष्कर्ष छापून आला : खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरला, ती जागेला लवकर सरावली. आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत जुनी चादर, एवढाच काय तो खर्च. आपल्याकडच्या बहुतेक शेल्टरमध्ये मात्र पिंजरे चारही बाजूंनी उघडे, शेजारी कुत्र्यांचं भुंकणं. स्वच्छतेला सोपं पडतं म्हणून, हे मान्य. तरी एक खोकं आत मावतंच.

परत आलेली बिब्बी पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत होती. ताईने तिला मागच्या छोट्या खोलीत ठेवलं. ठरलेल्या वेळी जेवण, तेच कपडे, तोच आवाज. ताई दाराशी जमिनीवर बसून पेपर मोठ्याने वाचायची, बिब्बीकडे न बघता. कधी नजर गेलीच तर डोळे हळूच मिटून उघडायचे. ही वेडगळ कल्पना नव्हे. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही तसंच करतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला जास्त तयार होतात. मग लांब दांड्याच्या चमच्यावर उकडलेलं चिकन. दांडा हळूहळू आखूड होत गेला, पण हाताची बोटं चिकनला लागलेली दिसली की बिब्बी मागे सरायची.

ओळखीच्या बायका सांगायच्या, प्रेम केलं की सगळी माणसाळतात. मला हे बोलणं आता सहन होत नाही. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं तो काळ निर्णायक. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांना रोज हाताळून पाहिलं, तेव्हा ज्यांना लवकर, तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलं ती माणसांजवळ जास्त रमली. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : बाप धीट असेल तर पोरंही धीट निघतात, बापाने त्यांना कधी पाहिलंही नसलं तरी. बिब्बीचे ते आठवडे सिमेंटच्या गोण्यांमागे गेले आणि बाप कोण ते ठाऊक नाही. त्यानंतर कोणी कितीही जीव लावला तरी ती मांडीवर झोपणारी मांजर होईलच असं कोणी सांगू नये. लोकांना खोटी आशा दाखवली की भोगायला लागतं ते जनावराला.

म्हणून नव्या जाहिरातीत ताईने सरळ लिहिलं : हात लावू देत नाही, पाहुणे आले की दिसणार नाही, लहान मुलांच्या घरी देणार नाही. फोन कमी झाले. जे आले त्यांना पिल्लू हवं होतं, नाहीतर पर्शियन. एकाला गोदामातले उंदीर मारायला हवी होती. एका बाईंची फार इच्छा होती, पण सोसायटीच्या सेक्रेटरीने मांजर चालणार नाही म्हणून सांगितलेलं. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांबाबत स्पष्ट केलंय. ताईने तो कागदही पाठवला, पण भाड्याच्या घरात भांडण कोण ओढवून घेणार?

शेवटी वाईहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. जुनं घर, माळा, परसदार, आणि एक म्हातारा, सुस्वभावी बोका. त्यांनी मांडीचं, कुरवाळण्याचं विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न होता, “तिला माळ्यावर बसायला आवडेल ना?” ताईने अटी वाचायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, “अगं, मी बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसणाऱ्या पोराला मी कधी पुढे ओढलं नाही.”

आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. कॅरियरवर जाड पंचा टाकलेला, तरी खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत ती खर्जात ओरडत होती. वाईला तिची खोली तयार होती, खिडकीला जाळी होती आणि खोकं आडवं ठेवलेलं होतं. परसदार उघडायची घाई बाईंनी अजिबात केली नाही. बोक्याची ओळख आधी दाराच्या फटीतून, मग जाळीतून झाली. बोका बाईंच्या पायात घोटाळतो हे बिब्बी माळ्यावरून बघत राहायची, आणि आमच्या साऱ्या कसरतींपेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला असं मला वाटतं.

आता ती तिन्हीसांजेला खाली उतरते, बोक्याच्या अंगाला अंग घासते, बाईंच्यापासून हातभर अंतरावर बसते. केसांच्या ब्रशने मान खाजवून घेते, हाताने नाही. ट्रायकॅट लशीचा पुढचा डोस द्यायचा म्हणजे मोठंच संकट आहे, ते अजून सुटलेलं नाही.

त्या पहिल्या कुटुंबाविषयी माझं मत मात्र थोडं बदललंय. खोक्याचा राग आहेच. पण त्यांना दिलेली माहिती चुकीची होती, आणि त्या मुलीला मांजराचा खरोखर लळा होता. तिने चोरून फोन केला नसता तर आम्हाला काहीच कळलं नसतं. त्यांना एखादं धीट, माणसांत वाढलेलं पिल्लू द्यायला हरकत नाही, असं मी ताईला म्हणते. ताई ऐकून घेत नाही. दिवाळीच्या सुमारास त्या घरातून पुन्हा फोन आला होता, तो तिने उचललाच नाही. तिचं म्हणणं, ज्यांनी वर येऊन बेल वाजवली नाही त्यांच्या हाती दुसरं जनावर द्यायचं कसं? यावरून आमचं अजून वाजतं.