माळ्यावरची वही

परवा माळा आवरताना शाळेतली चित्रकलेची वही सापडली. एका पानावर भिस्तबाग महाल, भोवती मोकळं रान. तेव्हा सावेडीतल्या आमच्या गच्चीवरून तो दिसायचा. आता मध्ये इमारती आहेत.

वही चाळताना आबालाल रहिमान आठवले. कोल्हापूरचे. मुंबईला जे. जे.मध्ये शिकले, पण परत आपल्या गावीच आले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. कोटितीर्थाच्या काठी राहायचे आणि रंकाळा, संध्यामठ, झाडं, पाणी हेच रंगवायचे. तेच पाणी सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं! १९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली असं सांगतात. १९३१ साली तेही गेले. मागे चित्रं उरली ती थोडीच.

पूर्वी वाटायचं, कसला हा वेडेपणा? पण बारावीनंतर मी रंगांची पेटी माळ्यावर टाकली, ते काय वेगळं होतं? घरचे काही बोलले नव्हते. नोकरी लागेल असंच शिकायचं, हे माझं मीच ठरवलं. आणि त्यांनी निदान आधी जन्मभर काढली होती... माझ्याकडे बुडवायलासुद्धा काही नाही.

रविवारी नवे रंग घेऊन गच्चीवर बसलो. महाल दिसेना. मग समोरच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामागचं आभाळच काढलं. आभाळ ओघळून टाक्यांवर आलं.

असो. पुढच्या रविवारी ऊन वेगळं असेल.