भिंतीवरचा विमा

साबण विकणारा फेस दाखवितो, चहा विकणारा वाफ दाखवितो. विमेवाल्याची पंचाईत अशी, कीं त्याचा माल म्हणजे केवळ एक वचन. आणि तें पाळण्याची वेळ म्हणजे बहुधा घरधन्याच्या मृत्यूची वेळ. ती दाखवावी तर गिऱ्हाईक तोंड फिरवितें. न दाखवावी तर विकावयाचें काय? विम्याच्या भित्तिपत्रकांचा इतिहास हा आम्हांस या एका पेचाचाच इतिहास वाटतो.

हा पेच आम्हीं प्रथम घरींच पाहिला. 1953 चा सुमार असेल. वडिलांनीं माजघरांत एका विमा कंपनीचें कॅलेंडर टांगलें. कंदिलाच्या उजेडांत बसलेली एक विधवा, तिला बिलगलेलीं दोन मुलें आणि शेजारीं एक रिकामी खुर्ची, असें त्यावर चित्र होतें. आईनें त्याच सायंकाळीं खळ करून त्या चित्रावर लक्ष्मीची तसबीर चिकटविली. "दिवेलागणीला असलें अभद्र डोळ्यांपुढें नको," एवढेंच ती बोलली. वडील हसले. एजंट आला कीं तेहि त्यास चहा पाजून "दिवाळीनंतर पाहूं" म्हणत. 1955 सालीं विषमज्वरानें ते गेले, तेव्हां घरांत पॉलिसी नव्हती. आईनें शिवणयंत्रावर आम्हां भावंडांस वाढविलें.

पुढें या विषयावर वाचतांना आढळलें, कीं आईनें जें खळीनें केलें, तें जाणते विमेवाले फार पूर्वींपासून करीत आले होते. लंडनमध्यें 1666 च्या भीषण आगीनंतर आगीचा विमा सुरू झाला. 1696 च्या 'हँड इन हँड' मंडळीनें परस्परांत गुंफलेले हात हें आपलें चिन्ह केलें. 1710 मध्यें निघालेल्या 'सन फायर ऑफिस'नें सूर्यमुख घेतलें. विमा उतरलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर त्या चिन्हाचा शिशाचा पत्रा ठोकीत, आणि रस्त्यानें जाणारास तीच जाहिरात होई. धंदा आगीचा, पण या दोघांच्याहि पत्र्यावर ज्वाळा नाहीं. अमेरिकेंत न्यूअर्कच्या 'प्रुडेन्शियल'नें 1896 मध्यें जिब्राल्टरचा खडक पुढें केला. माणूस जातो हें न बोलतां, खडक राहतो एवढेंच त्यानें सांगितलें.

आपल्याकडे पेचांत आणखी एक गांठ होती. विलायती कंपन्या एतद्देशीयांचें आयुष्य कमी प्रतीचें मानून त्यांच्याकडून जादा हप्ता घेत. 1870 सालीं मुंबईंत निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'नें आपल्या लोकांचा विमा सर्वसाधारण दरानें उतरविण्यास आरंभ केला. 1874 मध्यें तेथेंच 'ओरिएंटल' निघाली. 1913 मध्यें साताऱ्यास 'वेस्टर्न इंडिया' उभी राहिली. येथें विमा हा पैशाचाच नव्हे, मानाचाहि व्यवहार होता.

देशांतील 245 लहानमोठ्या विमा संस्थांचें राष्ट्रीयीकरण होऊन 1 सप्टेंबर 1956 रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. त्याचें चिन्ह सर्वांच्या परिचयाचें आहे: ज्योतीभोंवतीं धरलेले दोन हात, आणि त्यासोबत गीतेच्या नवव्या अध्यायांतील योगक्षेमाचें वचन.

1966 मध्यें आम्हांस नोकरी लागली, तेव्हां आईनेंच एजंटास बोलावणें धाडलें. त्यानें पुढें केलेल्या पत्रकावरील तें चित्र ती बराच वेळ पाहत राहिली. रोज तिन्हीसांजेस तुळशीकडे निरांजन नेतांना ती वाऱ्याआड असाच हात धरीत असे. "हें बरें आहे," ती म्हणाली, "हें घरांत लावतां येईल."

आज ऐंशीच्या पलीकडे उभें राहून पाहतां वाटतें, कीं विधवेचें तें चित्र खोटें नव्हतें. दोन वर्षांत तें आमच्याच घरांत खरें झालें. परंतु नुसतें खरें असून भागत नाहीं. माणसाच्या भीतीचा मान राखून सांगितलेलें सत्यच उंबऱ्याच्या आंत येतें. विझण्याचें भय ज्योतीच्या चित्रांतहि आहेच. फक्त तेथें आधीं हात दिसतात.

आईच्या पश्चात् तिच्या ट्रंकेंत तें जुनें कॅलेंडर सांपडलें. खळ सुकून लक्ष्मीच्या तसबिरीचा एक कोपरा सुटला होता, आणि त्याखालीं ती रिकामी खुर्ची दिसत होती. तिनें तें टाकून दिलें नव्हतें.