तुरट

भाच्याने दोन बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "मामा, रेड वाईन फ्रीजमध्ये नाही ठेवायची. रूम टेम्परेचरलाच प्यायची."

मे महिन्यातलं लातूर. पंख्याखाली बसलं तरी वारा अंगावर भाजत होता. ज्या लोकांनी हा नियम केला त्यांच्या खोल्या जाड दगडी भिंतींच्या, सोळा-अठरा अंशांच्या. आमची रूम त्या वेळी छत्तीसला होती. मी जुनं सुती फडकं भिजवलं, माठाला गुंडाळतो तसं दोन्ही बाटल्यांना गुंडाळलं आणि खिडकीत झुळकेला ठेवून दिलं. तासाभराने बाटलीच्या मानेला हात लावला. पहाटेच्या रांजणाइतकी गार झाली होती.

हे शहाणपण पैसे मोजून आलेलं आहे. काही वर्षांपूर्वी नांदेडला एका दुकानातून तीन हजारांची फ्रेंच बाटली घेतली होती. भाव मोठा म्हणजे माल मोठा, हा माझा भाबडा हिशेब. बाटली शोकेसमध्ये, पश्चिमेच्या उन्हात किती उन्हाळे उभी होती कोण जाणे. आत निघाला शिजलेल्या जांभळाचा आंबूस काढा. तेव्हापासून आधी दुकानातली थंडी बघतो, मग लेबल. (महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, 1949 च्या कायद्याने. तो माझ्या पाकिटात आहे, एवढं इथं नोंदवून ठेवतो.)

भाचा तुलूझला असतो. येताना माणशी दोन लिटरचीच सवलत, म्हणून दोन बाटल्या. एक बोर्दोची, नावाजलेल्या गावची. दुसरी कोर्बिएरची, तिच्या निम्म्या किमतीची, सात युरोंची. कोर्बिएर म्हणजे लांगदोक भागातलं खडकाळ, उन्हाने तापलेलं रान. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मला औशाकडचं माळरानच वाटलं, फक्त बाभळीच्या जागी वेली. फ्रान्समध्ये या भागाची ओळख बराच काळ स्वस्त, भरमसाट वाईनचा मुलूख अशीच होती. नाव मोठं नाही म्हणून भाव अजून जमिनीवर आहे.

आणि त्या वेलींचं आपल्याशी नातंही आहे. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं खाऊन टाकली. शेवटी अमेरिकेतल्या रानटी द्राक्षांच्या खुंटावर फ्रेंच वाणांची कलमं बांधून बागा वाचवल्या. आपल्याकडे खारवट पाण्यात, कोरड्या जमिनीत द्राक्ष तगावं म्हणून शेतकरी जो डॉगरीज खुंट लावतात, त्याचं मूळही अमेरिकेतच, टेक्ससचं. वर वाण कुठलाही असो, खाली परक्याचे पाय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पलंगावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी चाळीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात अडतीवर मुनीमकी केली. तुरीचा दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. पोत्यावर गावाचं नाव काय लिहिलंय हे ते शेवटी वाचायचे. 2024 साली बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग शेजारच्या शिवारातली चिंच काय कडू झाली का?" फ्रेंच वाईन निवडायचीही एक युक्ती हीच: नामांकित गावाच्या शिवेबाहेरचं गाव बघावं.

भाच्याने त्यांना बोर्दोची प्रतवारी समजावली. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी बाजारभाव बघून वाईनच्या गढ्यांच्या पाच प्रती लावल्या. त्यानंतर वर चढली ती एकच, 1973 मध्ये. बाकी यादी जवळजवळ तशीच.

अण्णा हसायला लागले. "म्हंजे 1855 चा भाव अजून चालायलाय? मधी कुणी सौदाच काढला नाही का?"

मग स्टीलच्या पेल्यात ओतली. काचेचे दोनच ग्लास होते आणि त्यातल्या एकात आईने तुळशीची फांदी ठेवली होती.

वाईनवरच्या पुस्तकांत टॅनिन या शब्दाभोवती पानंच्या पानं भरलेली असतात. सालीतून, बियांतून, ओकच्या पिंपातून ते येतं, थुंकीतली प्रथिनं धरून ठेवतं आणि जिभेचं वंगण जातं. मराठीत याला तुरट म्हणतात आणि विषय संपतो. सहा रसांत त्याला स्वतःचं पान वाढलेलं आहे. आवळा, हिरडा, कच्ची सुपारी, जांभळाची साल, लहानपणी चघळलेली बाभळीची कोवळी शेंग. आमच्या जिभेला या चवीच्या पायऱ्या पाठ आहेत. कुठला तुरटपणा हिरड्यांना चिकटून बसतो आणि कुठला घोटभर पाण्याने गोड होऊन जातो, हे आवळा खाणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

बोर्दो पहिल्या घोटाला भारदस्त लागली. पण ताटात येसराचं मटण होतं. तिखट पडल्याबरोबर तिचा तुरटपणा खवळला, घसा जाळत गेला. कोर्बिएर त्याच तिखटाबरोबर निमूट उतरली: पिकलेल्या जांभळाची चव, मागे मिऱ्याची किंचित चुणूक, आणि तुरटपणा भाकरीच्या घासाबरोबर विरून गेलेला.

अण्णांनी दोन्ही पेल्यांतला एकेक घोट घेतला. दाणा दाढेखाली धरताना मिटायचे तसेच डोळे मिटले. बोर्दोकडे बोट करून म्हणाले, "ही हिरडा लागायलीय." मग दुसरा पेला जवळ ओढला. "ही किती म्हणलास?"

"सातशेच्या आसपास, आबा."

"उद्याचा भाव काय राहील?"

दुसऱ्या दिवशी आईने दोन्ही बाटल्या राखेने घासल्या आणि त्यांत घाण्याचं करडीचं तेल भरलं. एकीचं लेबल निघालं. बोर्दोचं काही केल्या निघत नाही.